अंश-छेदांतले काय उडवता येते आणि काय नाही? (गुणोत्तरीय बैजिक राशी)

दौलतगंजची मावशी (लष्कर, ग्वाल्हेर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझी भाची दहावीत आहे. शाळेत तिचे सर्व विषय इंग्रजीत असले, तरी घरी आम्ही मराठीतच बोलतो आणि गणितही मराठीतच समजावून घेतो, म्हणून हा प्रश्न येथे विचारत आहे. तिला साधे अपूर्णांक उत्तम येतात आणि बहुपदींचे अवयवही ती भराभर पाडते. मात्र अंशात एक बहुपदी आणि छेदात दुसरी, असे दिसले की तिचे काहीतरी हमखास बिनसते. दोन उदाहरणे देते. घात दाखवण्यासाठी मी ^ हे चिन्ह वापरले आहे.

पहिले उदाहरण (क्ष + ६)/(क्ष + २). यातला वरचा आणि खालचा क्ष उडवून ती ६/२, म्हणजे ३ असे उत्तर लिहिते. हे चालत नाही असे मी सांगितले, तर ती विचारते की मग ६क्ष/२क्ष यात का चालते? वर तिने क्षच्या जागी शून्य घालून ताळा करून दाखवला आणि तो जुळला, त्यामुळे माझी चांगलीच पंचाईत झाली.

दुसरे उदाहरण (क्ष^२ − ९)/(क्ष − ३). येथे तिचे क्ष + ३ हे उत्तर बरोबर आहे, तरी शिक्षकांनी अर्धा गुण कापून शेजारी ‘क्ष ≠ ३’ असे लिहिले. तिचे म्हणणे असे की, क्ष + ३ मध्ये ३ घातले तर सरळ ६ येतात, मग अडचण कसली? नियम पाठ करून घेणे मला जमेल, परंतु मला कारण हवे आहे, कारण तिला ते हवे आहे.

मुरारकर (ग्वाल्हेर) यांचे उत्तर

ताई, मी मुरारला घरीच नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, आणि तुमच्या भाचीचा पहिला प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. तिने ताळा करून पाहिला ही सवय फार चांगली आहे; फक्त तिने नेमकी तीच किंमत निवडली, जिच्यासाठी चुकीचे उत्तरही खरे ठरते. (क्ष + ६)/(क्ष + २) = ३ हे समीकरण म्हणून सोडवा. क्ष + ६ = ३क्ष + ६ असे मिळते आणि क्ष = ० ही एकच उकल निघते. इतर कोणतीही किंमत घेऊन पाहा: क्ष = १ घेतल्यास ७/३ येतात, क्ष = ४ घेतल्यास १०/६ म्हणजे ५/३, आणि क्ष = १० घेतल्यास १६/१२ म्हणजे ४/३. दोन राशी समान आहेत असे म्हणायचे, तर त्या दोन्हींना जेथे जेथे अर्थ आहे तेथे तेथे त्यांची किंमत एकच यायला हवी. एका ठिकाणी जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही. एका ठिकाणी बिघडल्याने मात्र सगळे मोडते.

ताळ्यासाठी ०, १ आणि २ या किमती मी मुलांना घेऊच देत नाही. शून्य घातले की चल असलेली पदे नाहीशी होतात. १ घातला की क्ष, क्ष^२ आणि क्ष^३ यांत फरक उरत नाही. २ घेतले तर २ + २, २ × २ आणि २^२ हे तिन्ही चारच येतात, त्यामुळे बेरजेच्या जागी चुकून गुणाकार केला असला, तरी तो ताळ्यात लपून राहतो. ५ किंवा ७ घ्यावे. आकडेमोड थोडी वाढते, पण चूक उघडी पडते.

आता कारण. ‘उडवणे’ किंवा ‘कट करणे’ नावाची कोणतीही क्रिया गणितात नाही. वहीत आपण जी तिरपी रेघ मारतो, ती अंश आणि छेद या दोहोंना एकाच शून्येतर संख्येने भागल्याची खूण असते. ६क्ष/२क्ष मध्ये अंश क्षने भागला तर ६ उरतात आणि छेद क्षने भागला तर २ उरतात, म्हणून उत्तर ३, अर्थात क्ष शून्य नसताना. (क्ष + ६)/(क्ष + २) मध्येही क्षने भागायला कोणाचीच मनाई नाही. मात्र भागायचे तर अंशातल्या प्रत्येक पदाला भागले पाहिजे. पंगतीत एकाला वाढून शेजारच्याला वगळता येत नाही, तसे क्षला भागून ६ला तसेच सोडता येत नाही. प्रामाणिकपणे भागाकार केला, तर अंशात १ + ६/क्ष आणि छेदात १ + २/क्ष असे उरते. क्ष कोठेही गेलेला नाही. तो फक्त एका पदातून निघून दुसऱ्या पदाखाली जाऊन बसला आहे. हे एकदा भाचीला स्वतःच्या हाताने लिहायला लावा. नियम सांगून जे पटत नाही ते येथे पटते, कारण तिची क्रिया आपण नाकारत नाही, पुरी करायला सांगतो.

उडवण्यापूर्वी तिने स्वतःला एक प्रश्न विचारावा: क्षची किंमत घालून अंश काढायचा झाला, तर सर्वांत शेवटी कोणती क्रिया करावी लागेल? शेवटची क्रिया गुणाकाराची असेल, तर अंश अवयवांच्या रूपात आहे आणि सामाईक अवयव उडवता येईल. ती बेरजेची किंवा वजाबाकीची असेल, तर रेघ मारायची नाही. आधी अवयव पाडायचे, आणि ते पडत नसतील तर राशी आहे तशीच ठेवायची. (क्ष + ६)(क्ष + १)/(क्ष + ६) चे क्ष + १ होते. परंतु ((क्ष + ६) + १)/(क्ष + ६) मधले दोन कंस दिसायला तितकेच सारखे असूनही तेथे १ + १/(क्ष + ६) एवढेच करता येते.

वर्गात एखादा चलाख मुलगा १६/६४ मधले वरचे आणि खालचे ६ उडवून १/४ काढून दाखवतो, आणि उत्तर बरोबर असते! दोन अंकी अंश-छेदांत, अंश छेदाहून लहान असताना, अशी किमया १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ या चारच अपूर्णांकांत घडते. ११चे किंवा १०चे सरळ पट असलेल्या उघड जोड्या मी सोडून देत आहे. १७/७४ मध्ये ७ उडवून पाहा, म्हणजे गंमत ओसरेल. ६४ म्हणजे ६ × १० + ४, तेव्हा तेथला ६ हा पदाचा भाग आहे, अवयव नव्हे. तुमच्या भाचीच्या क्षचे नेमके तेच आहे.

जाता जाता: (३ − क्ष)/(क्ष − ३) याचे उत्तर −१ आहे. बहुतेक मुले येथे एकतर १ लिहितात किंवा ‘अवयव सारखे नाहीत’ म्हणून हात वर करतात. अंशातून −१ बाहेर काढला की कंस सारखे होतात. परीक्षेत ही जोडी वारंवार येते.

सयाजीगंज (वडोदरा) यांचे उत्तर

मुरारकर सरांनी पहिला प्रश्न पुरता सोडवला आहे, त्यामुळे मी दुसऱ्यावर लिहितो. मी विद्युत अभियंता म्हणून निवृत्त झालो. शिक्षक नाही, पण नातवंडांमुळे या प्रकरणातून पुन्हा जावे लागले आहे.

(क्ष^२ − ९)/(क्ष − ३) यात ३च्या जवळच्या किमती घालून पाहाव्यात. २.९ घातले तर अंश ८.४१ − ९, म्हणजे −०.५९ येतो, छेद −०.१ येतो, आणि भागाकार ५.९ होतो. २.९९ घातल्यास ५.९९ आणि ३.०१ घातल्यास ६.०१ मिळतात. प्रत्येक वेळी क्ष + ३ हेच उत्तर येते. नेमके ३ घातले की मात्र ०/० असे समोर उभे राहते, आणि त्याला कोणतीही किंमत नाही. भागाकार म्हणजे ‘छेदाला कितीने गुणले असता अंश मिळेल’ हा प्रश्न होय. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच मिळते, म्हणून ०/० या प्रश्नाला प्रत्येक संख्या हे उत्तर होऊ शकते, आणि जेथे प्रत्येक उत्तर चालते तेथे एक ठरावीक किंमत उरत नाही. ५/० चे नेमके उलट आहे. तेथे एकही संख्या चालत नाही.

म्हणून भाचीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. क्ष + ३ या राशीत ३ घालायला काहीच हरकत नाही. पण प्रश्नातली राशी ती नव्हती. प्रश्नातल्या राशीला ३ या ठिकाणी अर्थच नव्हता. सरळ रूप देताना आपण क्ष − ३ ने भागले, आणि मुरारकर सरांनी लिहिल्याप्रमाणे भागायची संख्या शून्येतर असावी लागते. तेव्हा ‘क्ष ≠ ३’ हा त्या भागाकाराचा परवाना समजावा. तो लिहिला नाही, तर तिरपी रेघ मारण्याचा अधिकारच सिद्ध होत नाही. दोन्हींचे आलेख काढले तर दोन्हीकडे तीच सरळ रेषा येते. फक्त पहिल्या आलेखात (३, ६) हा एक बिंदू गाळलेला असतो. मोबाइलवरचे आलेख काढणारे ॲप बहुधा तो गाळलेला बिंदू दाखवत नाही, कारण एका बिंदूला रुंदी नसते. मुलांना वाटते की यंत्रानेच आपली बाजू घेतली.

याहून बोलके उदाहरण (क्ष^२ − ५क्ष + ६)/(क्ष^२ − ४) हे आहे. अवयव पाडले की अंश (क्ष − २)(क्ष − ३) आणि छेद (क्ष − २)(क्ष + २) होतो, आणि सरळ रूप (क्ष − ३)/(क्ष + २) असे मिळते. अटी दोन आहेत, क्ष ≠ २ आणि क्ष ≠ −२, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. −२ या ठिकाणी अंश ४ + १० + ६, म्हणजे २० येतो आणि छेद शून्य होतो. −२च्या जवळ गेल्यास राशीची किंमत वाटेल तेवढी मोठी होते, आणि ही अडचण सरळ रूपातही जशीच्या तशी दिसत राहते. २ या ठिकाणी मात्र अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात. जवळपासच्या किमती निमूटपणे −१/४कडे जातात, आणि सरळ रूपात २चा मागमूसही उरत नाही. जी अडचण नजरेआड होते, तिचीच नोंद करून ठेवणे गरजेचे असते. छेदाचे अवयव पाडून झाले की काहीही उडवण्यापूर्वीच अटी लिहून टाकाव्यात. उत्तर आल्यावर अटी शोधायला गेले, तर फक्त −२ सापडते.

भागाकारात आणखी एक अट येते, आणि ती मोठी माणसेही विसरतात. (क्ष + १)/(क्ष − २) ला (क्ष − ५)/(क्ष + ४) ने भागायचे असेल, तर २ आणि −४ वर्ज्य आहेत हे उघड दिसते; परंतु ५ही वर्ज्य आहे, कारण क्ष = ५ असता आपण ज्याने भागणार तो अपूर्णांकच शून्य होतो. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणल्यावर क्ष − ५ छेदात येतो, म्हणून तेथे तो दिसतो तरी. पण त्याच वेळी −४चा क्ष + ४ वर अंशात निघून जातो आणि ती अट दिसेनाशी होते. म्हणून उलटे करण्यापूर्वी एकदा आणि केल्यावर एकदा, असे दोनदा छेदांकडे पाहावे.

इंदूरकर यांचा प्रतिसाद

तत्त्वतः सयाजीगंज काकांशी सहमत आहे, पण अर्धा गुण कापणे मला जरा जाचक वाटते. अनेक पाठ्यपुस्तकांत प्रकरणाच्या आरंभीच ‘सर्व छेद शून्येतर आहेत असे मानावे’ असे एक वाक्य छापलेले असते. तसे असेल, तर ती अट प्रत्येक उदाहरणाला आपोआप लागू होते आणि विद्यार्थ्याने ती पुन्हा न लिहिल्यास त्याची चूक म्हणता येत नाही. मावशींनी पुस्तक आणि प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना एकदा पाहाव्यात. मात्र प्रश्न समीकरणाचा असेल, तर मी माझे म्हणणे मागे घेतो. तेथे अट न लिहिणाऱ्याचे उत्तरच चुकू शकते.

शिंद्यांची छावणी (ग्वाल्हेर) यांचा प्रतिसाद

मावशी ग्वाल्हेरच्या असल्याने थोडे वेगळे लिहितो. विषय मात्र तोच आहे. किल्ल्याच्या चढणीवर खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. तेथील संवत ९३३ च्या, म्हणजे इ.स. ८७६ च्या शिलालेखात बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असे आकडे आहेत, आणि त्यांतले शून्य आजच्यासारखे लहान वर्तुळ काढून लिहिलेले आहे. ते पाहायला लोक दुरून येतात. पण तेथले शून्य कोणालाच त्रास देत नाही, कारण ते फक्त जागा धरून बसले आहे. शून्याला स्वतंत्र संख्या मानून त्याच्याशी गुणाकार-भागाकार करू लागले, की तुमच्या भाचीची अडचण सुरू होते, आणि ती आपल्याकडच्या मोठमोठ्या गणितींनाही आली होती. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे ठरवून टाकले. ते मान्य केले, तर सयाजीगंज काकांच्या उदाहरणात ५.९९ आणि ६.०१ यांच्या मध्ये एकदम शून्य येईल.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत वेगळी वाट धरली. एखाद्या राशीला शून्याने गुणले असेल आणि पुढे शून्यानेच भागायचे असेल, तर ती राशी अविकृत राहिली असे समजावे. आणि मधल्या क्रिया शिल्लक असेपर्यंत तिचे शून्य करून टाकू नये, ‘शून्याने गुणलेली’ एवढीच तिची आठवण ठेवावी. त्यावर त्यांनी उदाहरण दिले आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, आलेल्याला तीनने गुणले आणि शून्याने भागले, तेव्हा ६३ आले, तर ती संख्या कोणती? त्यांचे उत्तर १४ आहे.

आजच्या पद्धतीने येथे शून्य लिहिताच येत नाही. परंतु शून्याच्या जागी ह हे अक्षर घाला. (क्षह + क्षह/२) × ३ ला ह ने भागायचे आहे. अंशात ९क्षह/२ मिळतात, ह उडतो, ९क्ष/२ = ६३ असे उरते आणि क्ष = १४ येते. ह शून्येतर असेल तर यातली प्रत्येक पायरी निर्दोष आहे, ह कितीही लहान असो. भास्कराचार्यांनी जे शून्याबद्दल म्हटले, ते शून्याच्या वाटेल तितक्या जवळच्या संख्येबद्दल पूर्ण खरे आहे. प्रत्यक्ष शून्याबद्दल मात्र आज आपण गप्प बसतो. ‘क्ष ≠ ३’ लिहिणे म्हणजे असे गप्प बसणेच होय. भाचीचे ‘३ घातले तर ६ येतातच की’ हे म्हणणे लीलावतीतल्या नियमाच्या अगदी शेजारचे आहे, हे तिला जरूर सांगा. तिला धीर येईल.

दौलतगंजची मावशी यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. १ + ६/क्ष हे तिने स्वतः लिहिले आणि पहिला प्रश्न तेथेच मिटला. लीलावतीतले उदाहरणही तिने सोडवले, आणि आता ती शिक्षकांना ते दाखवणार आहे.

आता पुढची अडचण बेरजेची आहे. २/(क्ष − १) + ३/(क्ष + १) यात ती लसावि बरोबर काढते, सगळ्याला लसाविने गुणते आणि ५क्ष − १ असे उत्तर लिहून मोकळी होते, छेद गायब! विचारले तर म्हणते, ‘समीकरणात आपण छेद असेच घालवतो ना?’ आणखी एक शंका अशी की, समीकरणाची दोन उत्तरे आली की पुस्तकात कधीकधी एक उत्तर टाकून देतात. ते कोणत्या अधिकाराने टाकतात?

सयाजीगंज (वडोदरा) यांचे उत्तर

बेरजेत छेद गायब होणे हा माझ्या घरातलाही जुना रोग आहे. समीकरणाला दोन बाजू असतात. दोन्ही बाजूंना एकाच शून्येतर संख्येने गुणले, तर त्यांची समानता टिकते, म्हणून तेथे छेद घालवता येतो. नुसत्या राशीला दुसरी बाजूच नसते. तिला क्ष^२ − १ ने गुणले, तर ती क्ष^२ − १ पट मोठी झाली, आणि ती वाढ परत घ्यायला कोणी नाही. म्हणून राशीत लसाविने गुणायचे असेल, तर त्यानेच भागायलाही हवे, आणि तो भागाकार म्हणजेच खाली राहणारा छेद होय. बरोबर उत्तर (५क्ष − १)/(क्ष^२ − १) आहे. मुरारकर सरांच्या सल्ल्याप्रमाणे ५ घालून पाहा: मूळ राशी २/४ + ३/६, म्हणजे १ येते, योग्य उत्तरातून २४/२४, म्हणजे १च मिळतो, आणि भाचीच्या उत्तरातून २४ येतात. नेमकी क्ष^२ − १ पट, म्हणजे चोवीस पट!

वजाबाकीत आणखी काळजी घ्यावी लागते. वजाचे चिन्ह दुसऱ्या अंशाच्या फक्त पहिल्या पदाला नव्हे, तर पूर्ण अंशाला लागते, म्हणून तो अंश आधी कंसात घालावा आणि मगच कंस सोडवावा. कंसाचा कंटाळा केल्याने वाया गेलेली उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत की, त्याहून मोठी चूक या प्रकरणात नसावी असे माझे मत झाले आहे.

माझ्या व्यवसायातले एक उदाहरण देतो. समांतर जोडणीत अ आणि ब हे दोन रोध असतील, तर परिणामी रोधाचा व्यस्त १/अ + १/ब असतो. पुष्कळ मुले सरळ सगळे उलटे करून अ + ब असे लिहितात. ६ ओहम आणि ३ ओहम घेतल्यास १/६ + १/३ म्हणजे १/२, तेव्हा रोध २ ओहम हवा; उलटे करणाऱ्यांचा ९ येतो. समांतर जोडणीतला परिणामी रोध लहान रोधापेक्षाही कमीच असतो, त्यामुळे ९ हे उत्तर पाहताक्षणी खटकायला हवे. आधी बेरीज करून (अ + ब)/अब असा एकच अपूर्णांक करायचा आणि मगच तो उलटा करायचा, म्हणजे अब/(अ + ब) मिळते. येथेही अ किंवा ब उडवण्याचा मोह होतो. तेव्हा मुरारकर सरांचा ‘शेवटची क्रिया कोणती’ हा प्रश्न छेदाला विचारावा.

मुरारकर (ग्वाल्हेर) यांचे उत्तर

उत्तर टाकून देण्याबद्दल मी लिहितो, कारण तेथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात उरकल्या जातात.

क्ष/(क्ष − २) = ८/(क्ष^२ − ४) हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना क्ष^२ − ४ ने गुणले की क्ष(क्ष + २) = ८, म्हणजे क्ष^२ + २क्ष − ८ = ० मिळते, आणि (क्ष + ४)(क्ष − २) = ० यावरून −४ आणि २ अशी दोन उत्तरे निघतात. −४ घालून पाहा: डावीकडे −४/−६, म्हणजे २/३, आणि उजवीकडे ८/१२, म्हणजे २/३. जुळले. २ घातले तर दोन्ही बाजूंचा छेद शून्य होतो. २ हे मूळ समीकरणाचे उत्तर कधीच नव्हते; आपण क्ष^२ − ४ ने गुणले तेव्हा ते आत शिरले, कारण क्ष = २ असता आपण दोन्ही बाजूंना शून्याने गुणत होतो, आणि शून्याने गुणल्यावर कोणत्याही दोन बाजू समान होतात. इंदूरकर म्हणतात ते येथे लागू पडते: आरंभी ‘क्ष ≠ २, क्ष ≠ −२’ लिहिले असेल, तर २ बाद करायला वेगळे कारण शोधावे लागत नाही.

याचा उलटा प्रकारही असतो. (क्ष − ३)(क्ष + १) = ५(क्ष − ३) यात मुले दोन्ही बाजूंचा क्ष − ३ उडवतात, क्ष = ४ लिहितात, आणि ३ हे खरे उत्तर हातचे घालवतात. समीकरणात चल असलेल्या अवयवाने भागू नये. सगळे एका बाजूला आणून अवयव पाडावेत.

आता उत्तर टाकून देण्याचे दुसरे कारण. ग्वाल्हेर ते आग्रा हे अंतर सोयीसाठी १२० किलोमीटर धरू. गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरने वाढवला असता एक तास वाचतो, तर मूळ वेग किती? १२०/क्ष − १२०/(क्ष + २०) = १ असे समीकरण मांडले की क्ष^२ + २०क्ष − २४०० = ० मिळते, आणि क्ष = ४० किंवा क्ष = −६० येते. पुस्तकात −६० टाकून देतात. पण −६० समीकरणात घालून पाहा: १२०/−६० म्हणजे −२, १२०/−४० म्हणजे −३, आणि −२ वजा −३ म्हणजे १. समीकरण तंतोतंत जुळते! छेदही कोठे शून्य होत नाही. म्हणजे −६० ला समीकरणाने नाकारलेले नाही. वेग ऋण नसतो म्हणून गोष्टीने नाकारले आहे. मागच्या उदाहरणातले २ मात्र समीकरणानेच नाकारले होते. वहीत उत्तरावर नुसती फुली न मारता, एकीकडे ‘छेद शून्य होतो’ आणि दुसरीकडे ‘वेग धन असावा’ असे कारण भाचीने लिहावे.

भाचीला आवड आहे असे दिसते, म्हणून तिला एक काम देतो. त्या समीकरणात क्षच्या जागी −य लिहून चिन्हे नीट केली, की १२०/(य − २०) − १२०/य = १ असे समीकरण मिळते. ते कोणत्या प्रवासाचे आहे, हे तिने शब्दांत मांडावे. य = ६० घातले तर ३ − २ = १ असा ताळा जुळतो. वेग २० किलोमीटरने कमी केल्यावर एक तास जास्त लागणाऱ्या गाडीचा तो प्रश्न आहे, आणि तिचा मूळ वेग ताशी ६० किलोमीटर आहे.